उस्तादाचे वीस हजार पॉइंट

वेल्डरला गल्लीत कुत्रं विचारत नव्हतं. खिडकीची जाळी, गेटचं बिजागर, मोडकी खुर्ची, असली कामं करायची आणि वर गिऱ्हाइकाची बोलणी खायची. पण मोबाइलवर, वेल्डिंगवाल्यांच्या त्या साइटवर, काय थाट होता राव त्याचा! तिथे तो 'उस्ताद'. कुणी अडलं की उत्तर द्यायचं, लोकांना पटलं की पॉइंट मिळायचे, आणि पहिल्या उत्तराला जास्त. असे वीस हजार जमवले होते. नावापुढे सोनेरी तारा, खाली हौसेने टाकलेला दुकानाचा पत्ता.

"अहो, तो तारा जरा गळक्या पत्र्यावर चिकटवा," बायको म्हणायची. हा आपला मोबाइलमध्ये तोंड खुपसून.

एकदा कुणीतरी विचारलं, टाकी गळतेय, रिकामी केलीय, कशी जोडू? टाकी पेट्रोलची आहे, हे खालच्या ओळीत होतं. पण उस्ताद तिथवर वाचायला थांबतोय कुठला! 'रिकामी आहे ना? मग बिनधास्त मार टाके,' लिहून मोकळा. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, ठिणगी पडली की ती फुटते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अकरा पॉइंटवाल्या एका नवख्याने लिहिलं, 'थांब, पेट्रोल आहे, मरशील!' उस्तादाचं डोकं फिरलं. 'आधी होल्डर धरायला शिक,' त्याने हाणलं. मग त्याच्या भक्तांनी नापसंतीचा मारा करून नवख्याचं उत्तर पार तळाला गाडलं.

जेवताना त्याने प्रश्न नीट वाचला, तेव्हा कुठे त्याला 'पेट्रोल' दिसलं. पण उत्तर काढलं तर पॉइंट जाणार. 'एवढा खुळा नसेल कुणी,' म्हणून त्याने पुढचा घास घेतला. लाज नाही वाटली मेल्याला!

त्याच आठवड्यात भर दुपारी एक माणूस दुकानात शिरला.

"उस्ताद तूच का?"

"हो, या ना," वेल्डर खुशीत म्हणाला.

फाडकन कानाखाली बसली. तो सावरायच्या आत त्या माणसाने त्याचं तोंड लोखंडी टेबलावर आपटलं. दात तुटून रक्त उडालं. टेबलावरचा हातोडा गुडघ्यावर बसला, तसा वेल्डर गुरासारखा ओरडत खाली कोसळला.

"धाकटा गेला माझा! तोंडच राहिलं नव्हतं रे, शर्टावरून ओळखला. मी घरी सांगितलं, तिथेही लिहिलं. तर म्हणतो कसा, दादा, तुझे अकरा पॉइंट, त्यांचे वीस हजार!" तो माणूस ओक्साबोक्शी रडत होता आणि लाथा घालत होता.

बायको आतून धावत आली आणि नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. एक लाथ तिच्याही पाठीत बसली.

"नका हो दादा, मरतील ते! काय हवंय तुम्हाला?"

"ते उत्तर अजून वरच आहे. लोक वाचतायत. तिथं लिहायला सांग याला, मी चुकलो, माझ्यामुळे माणूस मेला."

"लिहितील. आत्ता लिहितील." तिने मोबाइल नवऱ्याच्या हातात कोंबला.

वेल्डरने रक्ताळलेला अंगठा पडद्यावर टेकवला. टेकवला आणि तिथेच थांबला.

"उत्तर काढतो मी, गुपचूप," तो फुटक्या ओठांनी बोलला. "पण चुकलो असं नाही लिहिणार. तारा जाईल."

"काय म्हणालात?"

"अगं, वीस हजार आहेत ते."

 बायको हात टेकून त्याच्या अंगावरून उठली आणि बाजूला झाली.