नानांचा पापड

माझं लग्न ठरलं त्या दिवशी मी सासऱ्यांना पोह्यांचा भाव विचारला.

तसा हेतू नव्हता हो! मुलगी पोह्यांची बशी ठेवून समोर बसली होती, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, काहीतरी विचारणं भाग होतं, आणि मुलीचं नाव, शिक्षण, स्वयंपाक वगैरे सगळं काकांनी आधीच विचारून टाकलेलं. शेवटी तोंडातून निघालं, "पोहे छान आहेत. काय शेर पडले?" सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बशीकडे पाहिलं आणि बिचारे भाव सांगून मोकळे झाले. त्यावर "जरा महागच लावले तुम्हाला" असंही मी म्हणालो. तरी लग्न झालं! (मुलगा व्यवहारी आहे असा त्यांचा समज झाला. तो वर्षभर टिकला.)

यात माझा दोष कमी आणि नोकरीचा जास्त. आधी साताऱ्याला एका पेढीवर आणि मग पिंपरीला नव्याने निघालेल्या औषधांच्या कंपनीत, दोन्हीकडे मी खरेदी खात्यात कारकून. दिवसभर बाटल्यांचे, बुचांचे, पुठ्ठ्यांचे भाव विचारायचे आणि "कमी करा" म्हणायचं. एवढी मोठी कंपनी माझ्या भरवशावर बुचं विकत घेत होती. पण आमची ही माझ्या भरवशावर कोथिंबिरीची जुडी आणायला तयार नव्हती!

"नानाभावजींना विचारून आणा," ती म्हणायची.

नाना पाठक म्हणजे आमच्या क्वार्टर्समधले शेजारी. आमच्या दोघांच्यात एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे जगातलं सगळं चांगलं खायला मिळायचं. कांदा घ्यायचा तर चाकणचा, आणि तोही बाजार उठता उठता. वांगी चऱ्होलीची, नदीकाठच्या मळ्यातली. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहा प्यावा, पण भजी खाऊ नयेत. भजी रस्त्यापलीकडच्या गाडीवर, आणि तिथे चहा पिऊ नये. हे सगळं नानांना तोंडपाठ. क्वार्टर्समधल्या बायका संध्याकाळी पिशव्या घेऊन त्यांच्या दाराशी अशा उभ्या राहायच्या, की जणू ते औषधच लिहून देतायत!

मी जळायचो का? छे! फक्त त्यांच्याकडून फोडणीचा वास आला की मला जेवण जात नसे. एकदा मी आमच्या गवळ्यालाच गाठलं. तो चिंचवड गावातला जुना माणूस.

"सखाराम, खरं सांग. नानांना दूध दाट घालतोस ना?"

"न्हाई ओ सायेब! येकाच म्हशीचं हाय. तुमच्या म्होरंच काढून आनतो."

"मग त्यांच्या दुधावर साय जाड कशी येते?"

"त्ये आता..." सखाराम विचारात पडला. "नानासायेब म्हशीची इचारपूस करत्यात रोज. तुमी नुस्ता भाव इचारता."

म्हशीला भावना असतात हे मला मान्य होतं. पण ती साय नानांच्याच पातेल्यात पाठवते हे पटेना!

यावर कळस झाला तो पापडाने. पिंपरी कॅम्पात सिंधी मंडळींची दुकानं नवीच थाटली होती. तिथे एका कापडाच्या दुकानात नानांची म्हणे फार ओळख. एक दिवस ओट्यावर बसून ते सगळ्यांना सांगत होते, "मी पाऊल टाकलं की सेठ आधी पापड मागवतो. खरपूस भाजलेला, मिऱ्यांचा! मग थंड पाणी. कापडाची गोष्ट त्यानंतर."

"विकत?" मी विचारलं.

"विकत कसला? मानाचा!"

आमची ही दाराआडून ऐकत होती. आत आल्यावर म्हणाली, "बघा! नाहीतर तुम्ही. दुकानदार तुम्हाला पाणीसुद्धा विचारत नाहीत."

झालं! त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला एकच ध्येय उरलं. मला कॅम्पात मानाचा पापड मिळाला पाहिजे!

शनिवारी कंपनी सुटल्यावर मी नानांच्या त्या दुकानात गेलो. सेठ गादीवर नव्हता, नोकर होता. मी लाँगक्लॉथचा भाव विचारला, त्याने सांगितला. मांजरपाटाचा विचारला, तोही सांगितला. खणाचा, चादरीचा, शेवटी दुकानाच्या पडद्याचाही विचारला. भाव येत होते, पापड येत नव्हता! नोकराने ठाणांच्या घड्या घातल्या आणि विचारलं, "लेना क्या है, बाबूजी?" 'पापड' असं सांगण्याइतका मी अजून खचलो नव्हतो. बाहेर पडलो.

आणि मागच्या गल्लीत मला ते दुकान दिसलं!

बराकीच्या एका दारासमोर खाट, खाटेवर धुतलेलं धोतर, आणि धोतरावर पापडच पापड. बाजूला खोक्यावर काचेच्या बरण्या, त्यांत गाजर-सलगमाचं पाण्यातलं लोणचं उन्हात ठेवलेलं. मी तोंड उघडं टाकून बघत उभा राहिलो. आतून एक वयस्क बाई आल्या, डोक्यावरून ओढणी घेत म्हणाल्या, "आओ साईं, अंदर बैठो."

अंदर! बैठो! आयुष्यात पहिल्यांदा मला दुकानदाराने आत बोलावलं होतं. खुर्ची दिली. पंख्याने वारा घातला. आणि मी काही बोलायच्या आत समोर आला भाजलेला पापड आणि पितळी पेल्यात पाणी!

(दारात आलेल्या माणसाला आधी पापड-पाणी द्यायचं, मग विचारायचं कोण आणि कशासाठी, ही त्या लोकांची घरची रीत. हे मला नंतर कळलं. फार नंतर!)

"क्या भाव?" मी पापडाचा तुकडा मोडत विचारलं.

बाई हसल्या आणि त्यांनी मान हलवली. मी ओळखलं, मुरलेली दुकानदारीण आहे. मी आपणच एक भाव सांगितला. त्यांनी हात जोडले. मी वाढवला. त्यांनी कानाला हात लावले. मी आणखी वाढवला. त्या चक्क आत निघून गेल्या! खरेदी खात्यातल्या उभ्या नोकरीत मी असा सौदा पाहिला नव्हता. गिऱ्हाईक चढतंय आणि दुकानदार नको म्हणतोय! शेवटी त्या बाहेर आल्या त्या पापडांची भलीमोठी चवड आणि लोणच्याची वाटी घेऊन. माझ्या पिशवीत कोंबून म्हणाल्या, "घर में सबको खिलाना."

मी घरी चालत आलो नाही, तरंगत आलो.

हिने पापड भाजला. खाल्ला. आणखी एक भाजला. मग म्हणाली, "नानाभावजी आणतात त्यापेक्षा चांगला आहे."

हे वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग ओट्यावर जाऊन मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं, स्वतः म्हणालो.

नाना बाहेर आले. "कॅम्पात पापडाचं दुकान? कुठे?"

"आहे," मी आळस दिला. "मला तर पैसेही घेत नाहीत. ओळख!"

"मला कसं माहीत नाही?"

अहाहा! नानांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे काही आलं, ते मी आरशात कैक महिने बघत होतो. आज ते भिंतीपलीकडे गेलं होतं! त्या आनंदाच्या भरात मी जाहीर करून टाकलं, "उद्या रविवार. ज्यांना यायचंय त्यांनी पिशव्या घ्या. माझं नाव सांगितलं की झालं."

दुसऱ्या दिवशी सगळी क्वार्टर्स माझ्यामागे निघाली. पुढे मी, मागे पिशव्या आणि डबे घेतलेल्या बायका, सर्वांत शेवटी नाना, हात हलवत. ("मी नुसता बघायला येतो," म्हणाले. जळत होते, दुसरं काय!)

बाईंनी आम्हाला बघितलं आणि क्षणभर त्यांचा हात ओढणीवरच थांबला. पण लगेच "आओ, आओ" म्हणून सगळ्यांना आत घेतलं. खुर्च्या संपल्या, मग ट्रंका पुढे आल्या, मग पलंग. त्या चुलीपाशी बसून एकामागून एक पापड भाजू लागल्या. आमच्या बायका खाऊ लागल्या आणि मतं देऊ लागल्या.

"मिरं जरा जास्त झालंय, नाही?"

"लोणच्याला आपल्यासारखं तेल नाही हो. पण बाटल्यांत भरून दिलं तर नेईन."

"अहो, यांना सांगा ना, पोह्याचे पापड पण ठेवा म्हणावं."

मी मध्ये उभा राहून गर्दी आवरत होतो. खाटेवरचे पापड मीच मोजून पिशव्यांत घालू लागलो. एकीने पलंगावरच्या भरतकामाच्या चादरीचा भाव विचारला, तो मी अंदाजे सांगितला. नाना तेवढे कोपऱ्यात चुलीजवळ पाटावर बसून बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. माझ्या दुकानात, माझ्या दुकानदारिणीशी वशिला लावत होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात दारातून एक गोरे, जाडसे गृहस्थ घाईघाईने आत घुसले आणि सरळ स्वयंपाकाच्या बाजूला निघाले. मी आडवा हात घातला.

"अहो मिस्टर! रांगेत या! आम्ही आधी आलोय!"

"क्या?"

"लाईन! लाईन में! ये बायका लोग सकाळ से खडी हैं!"

गृहस्थ थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रंकांवर बसलेल्या बायकांकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "साईं, मैं खाना खाने आया हूँ। ये मेरा घर है।"

खोलीत कुणीतरी पापड चावत होतं, तेही थांबलं.

आणि कोपऱ्यातून नाना उठले. "सेठ! अहो, हे तुमचं घर?"

"अरे, नानासाहेब!" गृहस्थांचा चेहरा खुलला. ते नानांच्या त्याच कापडाच्या दुकानाचे सेठ होते! "आप? पहले बोलते तो मैं दुकान से जल्दी आता! ये सब आपके मेहमान?"

"हो, म्हणजे..." नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. "हां, सेठ. आपल्याच घरची मंडळी आहेत."

नाना मग मराठीत आम्हाला हळूच म्हणाले, "पिशव्या रिकाम्या करा. यांच्या मुलीचं पुढल्या महिन्यात लग्न आहे. हे रुखवताचे पापड आहेत."

हे त्यांना चुलीपाशी पाटावर बसल्या बसल्या कळलं होतं. मी दोनदा आलो, पण विचारलं काय, तर भाव!

पापड पुन्हा धोतरावर ठेवले गेले. पण जे भाजून पोटात गेले होते, ते काही परत ठेवता येईनात. बाई सारख्या "कोई बात नहीं, कोई बात नहीं" म्हणत होत्या. त्यामुळे तर आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी आमच्या हिनेच पदर खोचला. पुढचा आठवडाभर क्वार्टर्समधल्या साऱ्या बायका दुपारी कॅम्पात जाऊन उडदाच्या पिठाच्या लाट्या करून पापड लाटत होत्या. मिऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

लग्नाला आम्हा सर्वांना बोलावणं आलं. (आलं नानांकडे. आम्ही 'आणि मंडळी'त.) मांडवात शिरलो तर सेठ स्वतः पुढे आले. नानांना मिठी मारली, खुर्चीवर बसवलं आणि हाक दिली, "नानासाहेब के लिए पापड लाओ!" मग माझ्याकडे वळून, डोळे मिचकावत म्हणाले, "और इन साईं को पहले भाव बताओ!"

सारा मांडव हसला. बाईही हसल्या. नाना तर पापडाचा तुकडा घशात अडकेपर्यंत हसले. (अडकला याचं मला वाईट वाटलं नाही.)

परतताना मी हिला म्हणालो, "काही म्हण, पण क्वार्टर्समध्ये सगळ्यांत आधी त्या घरात पापड-पाणी मिळालं ते मलाच. नानांना नाही!"

ही एक सुस्कारा टाकून म्हणाली, "चुकलं ते बाबांचंच. त्या दिवशी पोह्यांचे पैसे घेऊन तुम्हाला वाटेला लावायला हवं होतं!"