दुसऱ्या तक्त्यातलं नाव

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी बसल्या जागेवरून उठून घरभर फेऱ्या मारतो. निवृत्तीनंतरही ही खोड गेलेली नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात मी ठाणेदार होतो. धान रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. एक इसम सासरहून बेपत्ता झालेल्या बहिणीची तक्रार घेऊन आला. तिचं नाव विचारलं तर म्हणाला, "आमी तं बाईच म्हणतो जी." मी घाईत होतो. तिच्या आधारकार्डावरचं नाव लिहून मिसिंगची नोंद केली.

तिसऱ्या दिवशी खबऱ्या आला. "साहेब, नवरा-बायकोचं जोरात भांडण झालं होतं. अन् दुसऱ्या सकाळी यानं एकट्यानंच धानाच्या बांधीत चिखल केला." झालं, बायकोला त्या चिखलात पुरलं असणार म्हणून नवरा संशयित ठरला. रोवणीत चिखल न करणारा शेतकरी अख्ख्या तालुक्यात सापडला नसता, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. नायब तहसीलदार आणि पंचांसमक्ष त्याची बांधी खोदली. गुडघाभर गाळाखेरीज काही निघालं नाही.

नवऱ्याला मी रोज सकाळी ठाण्यात बोलवायचो. आवाज चढवला, गोडीत घेतलं, तोच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला. त्याचं उत्तर बदललं नाही. "मी कायले मारीन जी तिले? रागानं गेली. साकोलीकडं तिची मावशी राह्यते, तिकडं गेली असंन." मावशीकडे फोन केला, ती तिथे पोहोचलीच नव्हती. माझा संशय पक्का झाला. खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो; हा मात्र तेवढंच सांगत होता. हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच चैन पडत नव्हतं.

बेपत्ता आणि सापडलेल्या व्यक्तींच्या नोंदी आमच्या संगणकप्रणालीत असायच्या. मी रोज तिचं नाव टाकायचो. रोज उत्तर यायचं, एकही नोंद आढळली नाही. नवव्या दिवशी नवऱ्याला अटक करा म्हणत गावकरी ठाण्यासमोर जमले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला अटक करायची असं ठरवून मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो. तेवढ्यात संगणकावर बसणारी महिला शिपाई उठून आली.

"सर, आपण नाव टाकतो तो चौकोन फक्त पहिला तक्ता पाह्यते. त्यात नाव अन् वय. नातेवाइकांचा तक्ता वेगळा, अंगावरच्या खुणांचा वेगळा. नोंद क्रमांकानं ते जोडले हायेत, पण शोध तिकडं जातच नाही. दुसऱ्या पानावरून सगळे तक्ते एकत्र शोधता येते."

"मग आतापर्यंत बोलली काहून नाहीस?" मी खेकसलो.

"दोनदा बोलली जी. तुमी म्हणाले, आधी बांधी खोदू."

मी तिच्यामागोमाग संगणकापाशी गेलो. तिने सगळे तक्ते निवडले आणि नातेवाइकाच्या रकान्यात फिर्यादी भावाचं नाव टाकलं. एक नोंद आली. महामार्गावर वाहनाची धडक बसलेली, डोक्याला मार लागलेली स्त्री रुग्णालयात दाखल. तुटक बोलते, गाव सांगता येत नाही. भावाचं नाव मात्र सांगते. तिचं स्वतःचं नाव आमच्या कागदातल्यापेक्षा अगदी वेगळं होतं.

भाऊ रोजच्यासारखा बाहेर बाकावरच होता. मी ते नाव वाचून दाखवलं. तो धडपडत उठला. "हे तं बाईचं माहेरचं नाव होय जी! लग्नात बदलवलं होतं!"

भाऊ आणि नवरा, दोघांनाही जीपमध्ये घेऊन मी तडक निघालो. वॉर्डात तिने दोघांनाही ओळखलं. भाऊ खाटेच्या पायाशीच थांबला, त्याला पुढे जाववेना. नवरा जवळ जाऊन बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

परतताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, कुठं पुरलं ते तुमी मले रोज विचारलं. माहेरी तिले काय म्हणत, हे एकदा तं विचारायचं होतं. मी सांगितलं असतं."

सापडत नाही म्हणजे ते नाहीच, असं मानू नये, हे मी नव्या अधिकाऱ्यांना सांगतो. स्वतःची चूक मात्र सांगताना आजही जीभ जड होते. त्या बाईला शुद्धीवर आल्यावर आठवला तो एकच माणूस, तिचा भाऊ. आणि तो नऊ दिवस माझ्या दारातल्या बाकावर बसून होता.