डिनाउन्सच्या तीन अटी

मास्तरांच्या खोलीत खडूची धूळ आणि किस्से सारखेच साचतात. झटकायला कुणालाच सवड नसते. औरंगाबादच्या आमच्या शाळेत मी हिसाब, म्हणजे गणित, शिकवायचो. निजामी अंमल, सगळं शिक्षण उर्दूतून. इंग्रजीला होते सिद्दीकी साहेब.

एकदा वर्गात 'डिनाउन्स' हा शब्द आला. 'मजम्मत करना,' म्हणजे निंदा करणं, एवढं सांगून साहेबांचं समाधान होईना. त्यांनी तीन अटी घातल्या. उभं राहायचं, नाव घ्यायचं आणि तो माणूस समोर पाहिजे. "पीठ पीछे बोले तो वो चुगली!"

*

आमचे ड्रिल मास्तर एकदा हेडमास्तरांच्या नावानं खोलीत खडे फोडत होते. सिद्दीकी साहेबांनी शांतपणे चपराशाला हाक मारली, हेडमास्तरांना बोलवायला सांगितलं. हेडमास्तर आले. ड्रिल मास्तर उभे राहिले, नावही घेतलं, आणि म्हणाले, "आजचा चहा फार छान झाला होता!"

*

सुट्टीहून येताना कन्नड गावाजवळच्या घाटात मोटर बंद पडली आणि साहेबांचा तास बुडाला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बाकावर चढले. म्हणाले, करा मला डिनाउन्स. सगळी पोरं खाली मान घालून बसली. फक्त कन्नडकडचा गोविंद उठला.

"सिद्दीकी साहेब, तुमी आले नाय. आमी लई वाट पाह्यली."

त्या दिवशी साहेब कमालीचे खूश होते.

*

पुढं याच गोविंदनं बोर्डिंगात बंदी असलेलं गाणं म्हटलं. त्याचं नाव पटावरून कमी झालं. हैदराबादहून मोठे अंमलदार आले. सिद्दीकी साहेबांनी साऱ्या शाळेसमोर त्याला इंग्रजीत डिनाउन्स करावं, असा त्यांचा हुकूम झाला. नाही म्हणणाऱ्याची नोकरी जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

"हुजूर, लड़के को सामने बुलाना पड़ेगा," साहेब म्हणाले. अंमलदारांना ते फारच पसंत पडलं.

गोविंदला गावाहून आणवलं. बाप पागोटं हातात घेऊन दाराशी उभा. मला तेव्हा साहेबांचा संताप आला. लेकराला घरी तरी राहू द्यायचं होतं!

साहेब उभे राहिले. हजेरी घेताना घेत तसंच नाव घेतलं.

"गोविंद."

"हाजिर, साहेब."

"क्लास में जाके बैठो. पहला घंटा मेरा है."