ईरुळ्ळी मिस

मिसच्या बोटांना बारा महिने कांद्याचा वास यायचा. चामराजपुरममधल्या आमच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि पोरं त्यांना ईरुळ्ळी मिस म्हणायची, म्हणजे कानडीत कांद्याच्या मिस. त्यांचं घर विठ्ठलाचं, एकादशीला कांदा शिवायचा नाही. म्हणून एकादशीला प्रॅक्टिकल आलं की मिस आदल्या दिवशीच कांदा रुमालात बांधून शाळेच्या कपाटात ठेवायच्या. विठ्ठलाला कळलं तरी चालेल, आईला कळायला नको, असं त्यांचं म्हणणं.

कांद्याचा पापुद्रा चिमट्यानं सोलायचा, काचेवर पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, वरून दुसरी पातळ काच अलगद टेकवायची. बुडबुडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. मग एकेकानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. विटा रचाव्यात तशा पेशी दिसायच्या आणि प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका, ते केंद्रक. बाकी काही नाही. माझी तर निराशाच झाली. मी घरी जाऊन पुस्तकातल्या पाच-सहा तंतुकणिका त्यात भरल्या, चांगल्या ठसठशीत.

मिसनी सबंध आकृतीवर लाल फुली मारली. वर्गात त्या कानडीच बोलायच्या, पण मी आपल्यातली, मराठी घरातली म्हणून मला मराठीत विचारलं, "दिसलं का तुला?"

मी नाही म्हटलं.

"मग काढलं कशाला? दिसलं तेवढंच काढायचं. अष्टे."

अष्टे म्हणजे बस, एवढंच. त्यानंतर बोलणं संपायचं. खोडरबर त्यांना खपायचं नाही. त्यांचे वडील शिंपी. आमचे अप्पा कापडावर दोनदा खडू मारत नाहीत, हे आम्ही वर्षभर ऐकलं. आणि आकृतीखाली ती कशाची आहे ते नाव नसेल तर वही न तपासता परत यायची.

पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले. मिसमुळे झाले असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही, पण खोडरबर मी आजही वापरत नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मिस मानेवर गाठ घेऊन आमच्या रुग्णालयात आल्या. सुईनं काढलेल्या पेशींची काच माझ्याकडेच आली. मी पाहिली. काही वाटलं नाही. डबा खाल्ला, उरलेल्या काचा पाहिल्या. मिस त्याच वर्षी गेल्या, तेव्हाही रडू आलं नाही. आत सगळं बधिर झालंय, ते तसंच आहे.

मी काच पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस माझ्या खोलीत आल्या होत्या. काच स्वतः बघायची होती, पण गाठीमुळे मान वाकेना. म्हणाल्या, तू काढून दाखव. मी पेन्सिल घेतली आणि सारख्या आकाराच्या, सुट्या सुट्या, नीटनेटक्या पेशी काढल्या. प्रत्येकीत लहानसं गोल केंद्रक. एकही आजारी नाही.

मिसनी कागद खिडकीकडे धरला. मग माझ्या टेबलावरचं लाल पेन उचललं आणि फुली मारली.

"हे पुस्तकातलं. दिसलं ते काढ."

मी दुसरा कागद घेतला. एकमेकींवर चढलेल्या पेशी काढल्या, आणि त्यांत वेडीवाकडी, पेशी भरून टाकणारी केंद्रकं. मिसनी बराच वेळ पाहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"खाली नाव राहिलं, नोडु, बघ."

मी आजाराचं नाव लिहिलं. मिसनी ते वाचलं, कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.