मायनस ऐंशीतला लाल दोरा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच... आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. मळ्यातल्या बाया बांधावरच्या चिंचेखालून डोक्यावर पदर घेऊन जायच्या, मी मुद्दाम केस मोकळे सोडून जायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय.

गोष्ट नाशिकची, दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंगच्या दिवसांतली. मखमलाबादच्या बाजूला आमचा झेंडूचा मळा. मी गंगापूर रोडच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. सगळं काम एका एन्झाइमवर. माणसाचं जीन बॅक्टेरियात घालून बनवलेलं, करंगळीच्या पेराएवढ्या नळीत, ड्राय आइसमधून परदेशातून आलेलं. पेशीतल्या ज्या प्रोटीनचं काम संपलं, त्याला युबिक्विटिन नावाची खूण चिकटते आणि मग पेशी ते मोडून टाकते. ती खूण पुढे पोचवायचं काम माझ्या एन्झाइमचं. मायनस ऐंशीच्या फ्रीजरबाहेर राहिलं की ते मेलंच समजायचं. माझ्या गाइड मॅडमनी बजावलं होतं, "ही शेवटची नळी. गेली तर विषय बदलायचा, सगळं पहिल्यापासून."

त्या पावसाळ्यात बापू, म्हणजे माझे वडील, फुलबाजारात माल टाकून एकदा थेट लॅबमध्ये आले. अंगाला झेंडूचा वास, हातात माझा डबा. मी कौतुकानं नळी ड्राय आइसवर ठेवून दाखवली.

"एवढ्याशा नळीत काय हाय गं?"

"माणसाच्या पेशीतला कामगार आहे समजा. काम संपलेल्याला खूण लावायला मदत करतो."

"खूण लावून?"

"मग ते मोडून टाकतात."

बापूंनी मान हलवली. "उलटंच हाय तुमचं. आपण खूण बांधतो ती राखायला."

खरं होतं. आमचा झेंडू गावठी, बी घरचंच. दसऱ्याच्या तोडणीआधी बापू मळाभर फिरायचे आणि निवडलेल्या फुलांच्या देठांना लाल दोरा बांधायचे. दोऱ्याचं फूल कुणी तोडायचं नाही, ते बियाण्याचं. गाठ दुहेरी, पण फास सैल... "देठ जाड होतो, त्याला जागा नको का?" टोक दातानं तोडायचे.

त्यांनी खिशातून दोऱ्याची गुंडी काढली. "हिला बांधू का एक?"

मॅडम हसल्या. "नको हो काका, लेबल निघून येईल."

"बरं बाई, तुमचा मळा, तुमचा कायदा," म्हणत बापूंनी गुंडी खिशात टाकली. मी नळी परत फ्रीजरमध्ये ठेवून कुलूप लावलं. बापू त्यानंतर लॅबमध्ये आले नाहीत.

गणपतीत त्यांना कावीळ झाली. अंथरुणातून उठलेच नाहीत. डोळे पिवळेजर्द, तरी मला विचारायचे, "तुझी नळी बरी हाय ना?"

"बापू, तुम्ही बरे व्हा आधी."

"माझं काय... माझं काम झालं."

पितृपक्षात ते गेले. रामकुंडावर दहावा झाला, तेरावा झाला, मग मी कॉलेजात गेले. मॅडम दारातच भेटल्या, माझा हात धरला. मागल्या आठवड्यात वीज गेली होती, जनरेटरही बंद पडला. फ्रीजरखाली पाणी साचलेलं, म्हणजे आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलेलं. "तुला घरी कळवायचं धाडस झालं नाही गं. मी अजून उघडलासुद्धा नाही." त्यांनीच कुलूप काढलं.

आत सगळे खोके भिजून, एकमेकांना चिकटून गोठलेले. माझा खोका खरवडून काढला, उघडला.

नळीच्या गळ्याला लाल दोरा होता. कोरडा. दुहेरी गाठ, सैल फास, टोक दातानं तोडलेलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी माझ्या पर्समध्ये. आणि बापू तर गणपतीपासून खाटेवर...

"टाकून दे, आता काही उपयोग नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. माझ्याच्यानं टाकवेना. मी प्रयोग लावला. संध्याकाळी जेलवर पट्ट्या दिसल्या, एकीवर एक, शिडीसारख्या. एन्झाइम जिवंत होतं. मॅडम म्हणाल्या, एखादं निघतं चिवट. निघत असेलही. दोऱ्याबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत, आजतागायत नाही. नळी शेवटच्या थेंबापर्यंत पुरली. माझ्या नावामागे डॉक्टर लागलं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. दसऱ्याच्या तोडणीला भाऊ पहाटे मळ्यात गेला आणि तसाच परत आला.

"ताई, बापूंनी बियाण्याचे दोरे बांधलेच नाय का गं? अख्खा मळा हिंडलो, एकबी दिसंना."

कुठून दिसणार? ते खाटेवरून उठलेच नव्हते. भावानं अंदाजानं काही फुलं राखली, पण बापूंची नजर आमच्यात कुणाकडेच नव्हती. पुढच्या वर्षी झेंडू आला तो एकेरी पाकळ्यांचा, फिका. बापूंचा वाण तिथंच संपला.

त्या वर्षी त्यांनी एकच दोरा बांधला असेल, तर तो मळ्यात नव्हता.

कसा आला, कुणी बांधला... मी शिकलेली बाई, मला आजही सांगता येत नाही. दोरा जपून ठेवलाय. फास अजून सैलच आहे. काहीतरी वाढेल म्हणून जागा सोडल्यासारखा.