येळवंता म्हणजे काय?

सुनीता, मंगल असली नावं असणाऱ्यांचं बरं असतं. नाव सांगितलं, समोरच्यानं लिहून घेतलं, संपलं! माझं नाव येळवंता. मी नुसतं नाव सांगायचा अवकाश, चहा निवेपर्यंत एक किस्सा तयार! आता इतके साठलेत की सांगूनच टाकते.

*

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी कलेक्टर कचेरीत क्लार्क म्हणून लागले. टेबलं अजून आली नव्हती, खोक्यांवरच फायली. हेडक्लार्क वसंतरावांनी माझा कागद वाचला आणि चष्मा काढला.

"येळवंता? बाई, हे वेलवंता असणार. वेल, लता! खेड्यात व चा य करतात."

"मग सर, खेड्यात तुम्हाला यसंतराव म्हणतात का?"

नोकरीचा पहिला दिवस आणि पहिलाच वैरी!

*

शेजारी उदगीरचा शिवाप्पा बसायचा. घरी कन्नड बोलणारा.

"अक्का, येळु म्हणजे सात. तुम्ही सातवी लेक असणार."

"एकुलती एक हाय मी!"

दुपारी त्यानं डबा उघडला. मग म्हणाला, "तर मग तुमचे वडील सातवे असतील."

हार मानील तो शिवाप्पा कसला!

*

त्या वर्षी दुष्काळ. टँकर तपासायला जीपमधून मुरुडकडं निघालो होतो. ड्रायव्हर चांदपाशा म्हणाला, "मॅडम, ये नाम निजाम के टाइम का हय. इस नाम की एक बेगम थी."

"कोणती?"

"नाम याद नै."

"अहो, मग ती येळवंता कशावरून?"

"उसी वास्ते तो याद नै. मुश्किल नाम था!"

*

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आमच्यात सुनेचं नाव बदलतात. नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो. सासूबाईंनी 'शुभांगी' ठरवून ठेवलेलं.

ह्यांनी 'शु' लिहिला. मी ताट हलवलं.

"हात लागला," मी म्हणाले.

ह्यांनी परत लिहिलं. परत हात लागला! सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. पण आईनं दिलेलं नाव मी मूठभर तांदळात घालवणार नव्हते. तिसऱ्यांदा हे वाकले आणि हळूच म्हणाले, "काय लिहू तेवढं सांगा. पाय लई अवघडलेत."

*

पुढं आडनाव बदलायला सर्व्हिस बुक वसंतरावांकडं गेलं. त्यांनी आडनाव सोडून माझ्या नावाभोवतीच लाल पेन्सिलीनं गोल काढला.

"बदलतोयच, तर हेही शुद्ध करून टाकू. नाहीतर आईला आणा. नावाचा अर्थ सांगू द्या, मग राहू देतो."

एकदा तिथं वेलवंता लागली की रिटायर होईपर्यंत मी वेलवंताच! रागानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आई आली ती येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. येळवस म्हणजे आमची रानातली अमावस्या. सगळा गाव रानात जेवतो, पिकाभोवती आंबील शिंपतो. त्या वर्षी रानात काडी नव्हती, तरी आई गेलेली. उरलेली आंबील तांब्यात घेऊनच कचेरीत आली.

"येळवशीला झाली म्हनून येळवंता," आई म्हणाली. "तवाबी दुष्काळच हुता. माझे दिवस भरलेले. लोकं म्हनले, रान मोकळं हाय, कशाला जातीस? मी म्हनलं, मोकळं आसू दे, आपलंच हाय न्हवं? तिथंच झाली ही."

"ते खरं हो," वसंतराव म्हणाले. "पण येळ म्हणजे काय? वेळ, वेल का सात?"

आईनं पेला भरून त्यांच्यापुढं ठेवला. "सायेब, काल रानात आंबील शिंपली का?"

"शिंपली की."

"काय म्हनत शिंपली?"

वसंतराव जरा लाजले. "ओलगे ओलगे, सालम पोलगे."

"त्येचा अर्थ?"

वसंतरावांनी शिवाप्पाकडं बघितलं. शिवाप्पानं दारातल्या चांदपाशाकडं बघितलं. चांदपाशानं पंख्याकडं.

"मग आधी त्ये शुद्ध करा," आई म्हणाली, "आन् मंग माझ्या लेकीकडं या!"

वसंतरावांनी आंबील पिऊन टाकली आणि ड्रॉवरमध्ये खोडरबर शोधायला लागले.