दाराबाहेरचं ॲप

माझी बायको सकाळी बालवाडीत शिकवते. पंचेचाळिशी ओलांडल्यावर तिनं पाली भाषेचं एम.ए. करायला घेतलं. विहारात लहानपणापासून म्हणत आलेल्या गाथांमधला एकेक शब्द कसा बनलाय, ते तिला जाणून घ्यायचं होतं. पहिल्या वर्षाचे बाकीचे पेपर निघाले, व्याकरणाचा राहिला. "परत एकदा बसते. या वेळी नाही निघाला तर सोडून देईन," असं ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मला ते खरं वाटलं.

अडचण बुद्धीची नव्हती. मुलुंडच्या आमच्या घरात दुपारी चार ते सहा एवढाच वेळ तिचा स्वतःचा. आतल्या खोलीचं दार लोटून ती बसायची, आणि शब्दांची रूपं डोक्यात रांगेनं उभी राहायला लागली की काहीतरी वाजायचं. रांग मोडायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

आमची मुलगी गोरेगावच्या एका कंपनीसाठी, बरेचदा घरूनच, ॲपचे स्क्रीन आखते. खरेदीचं ॲप आहे. माणसानं बोटानं सरकवत राहावं, बाहेर पडूच नये, हे तिचं काम. "पप्पा, दिवसभर लोकांना अडकवते. मम्मीसाठी एकदा उलटं करून बघते," ती म्हणाली आणि सुट्टीच्या दिवसांत तिनं एक छोटं ॲप बनवलं.

अभ्यासाच्या वेळात फोनला हात लावला नाही, तर त्यात पिंपळाचं एक पान हळूहळू उमलायचं. दिसायला फारच सुंदर. पहिल्याच दिवशी मुलगी पाणी घेऊन आत गेली, तर आईच्या हातात फोन.

"मम्मी! फोन कशाला घेतलास?"

"पान किती आलं ते बघत होते गं."

"अगं, फोन उचलला की गळतं ते!"

"हो ना. गळलं तर नाही ना, तेच बघत होते."

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. पान काढलं, शाबासकी काढली, टिंगटिंग काढली. उरला एक करडा स्क्रीन. सगळे फोन आणि निरोप सहा वाजेपर्यंत अडवून ठेवायचे, एवढंच त्याचं काम. मला तो फार आवडला. दिखाऊ काही नाही.

तरीही रांग मोडतच राहिली. मी अंधेरीला एका ऑफिसात हिशेबाचं काम बघतो, त्यामुळे कारण शोधायचं तर आधी मोजायचं, ही सवय. आठवडाभर रोज संध्याकाळी मी हिला विचारलं, आज कोणी आणि कशासाठी हाक मारली? उत्तरं जमवली तेव्हा कळलं की बाहेरच्या जगाचा दोष नाममात्र आहे. बहुतेक हाका घरातल्याच, आणि त्यातल्या बहुतेकांची सुरुवात 'कुठे' या शब्दानं. माझ्या आईला चष्मा सापडत नाही. मुलीला चार्जर. मी ऑफिसातून फोन करायचो, तो अडवला गेला की आईच्या फोनवर लावायचो, आणि आई तो फोन घेऊन थेट आत जायची.

"म्हणजे ॲप चुकीच्या फोनमध्ये टाकलंय," मुलगी म्हणाली. "मम्मीच्या नाही, आपल्या फोनमध्ये पाहिजे."

हे ऐकून बायको इतकी हसली की ओट्याला टेकली. "वीस वर्षं झाली, मी हेच सांगतेय. ॲपनं सांगितलं की पटतं होय!"

मग खरं काम सुरू झालं. कोणाला काय काय लागतं, ते आम्ही जेवताना एकमेकांना सांगितलं आणि बायकोनं प्रत्येकाचं उत्तर आधीच देऊन ठेवलं. चार ते सहामध्ये घरातूनही हाक मारायची नाही, फोनच लावायचा, असं ठरलं. तो लावला, की आधी आपल्याच फोनवर प्रश्न यायचा, 'काय हवंय?' खाली चष्मा, चार्जर अशी चित्रं. चित्र दाबलं की उत्तर. आणि तळाशी एक छोटं बटण, 'तरीही बोलायचंय'. हे बटण कधी दाबायचं, यावर आमची मोठी सभा झाली.

"घरात विंचू निघाला तर?" आईनं विचारलं.

"आजी, मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर विंचू?"

"गावी निघायचा. विंचू काय पत्ता विचारून येतो?"

विंचू मंजूर झाला. माझा 'लाईटबिल किती आलं' हा प्रश्न एकमतानं नामंजूर झाला.

आईला वाचायला त्रास होतो, म्हणून तिच्यासाठी एक जुना फोन फ्रिजवर उभा केला. चष्म्याचं चित्र दाबलं की सुनेचा आवाज यायचा, "आई, डोक्यावर बघा, नाहीतर उशीखाली." आईला ही गोष्ट इतकी भावली की चष्मा डोळ्यांवर असतानाही ती दाबायची.

"आता कशाला दाबलंस?" एका रविवारी मी विचारलं.

"बरं वाटतं रे. फोनमधली सून चिडत नाही."

आतून हसण्याचा आवाज आला. मुलीनं घाईघाईनं त्या फोनचा आवाज कमी केला.

हळूहळू घर शांत झालं. एका सुट्टीला दाराच्या फटीतून मी पाहिलं. ती पेन्सिल दातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि भिंत तिला दिसत नव्हती. इतकं रमलेलं तिला मी याआधी पाहिलं नव्हतं. मी पाय न वाजवता मागे आलो. त्या दिवशी उगाचच फार खूश होतो मी.

परीक्षा झाली. ती पुढच्या वर्षाच्या पेपरांना लागली. एका शनिवारी पाचच्या सुमारास मुलीनं विद्यापीठाच्या साईटवर निकाल पाहिला आणि तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात आली. व्याकरण निघालं होतं. नुसतं निघालं नव्हतं, त्यालाच सगळ्यात जास्त मार्क होते. मी स्वतः आकडे दोनदा तपासले.

दार बंद होतं.

"चल, सांगू," आई कुजबुजली.

"आजी, सहा वाजू देत. तिचाच नियम आहे."

"नियम अडथळ्याचा हाय. ही बातमी काय अडथळा हाय?"

मी म्हणालो, "निकाल आता बदलणार नाही. तिची रांग मोडेल." माझं मलाच ते फार कोरडं वाटलं, पण दोघी थांबल्या. तासभर आम्ही तिघं ओट्याशी उभे होतो. चहा झाला, तो गार झाला, दुसरा टाकला. आई दर थोड्या वेळानं दाराकडे जायची आणि मुलगी तिला पदर धरून मागे आणायची. न सांगता दाबून ठेवलेला आनंद इतका मजेदार असतो, याची मला कल्पना नव्हती.

सहाला बायको बाहेर आली. तिघांकडे पाहून थबकली. "काय झालं? असे रांगेत का उभे?"

"पास झालीस गं!" आई ओरडली आणि तिनं सुनेला मिठीच मारली.

मुलीच्या हातातल्या फोनवर बायकोनं आकडा वाचला, पुन्हा वाचला. डोळे पुसले. मग आमच्याकडे वळली. "कधी कळलं तुम्हाला?"

"पाचला," मी म्हणालो.

"आणि तासभर मला कुणी हाक मारली नाही? काय माणसं आहात!" हसता हसताच तिनं मुलीच्या पाठीत धपाटा घातला. "लिही त्यात आत्ताच्या आत्ता. चांगली बातमी असेल तर दार वाजवायचं."

"चांगली म्हणजे कितपत चांगली?" मुलीनं फोन काढत विचारलं. "नीट सांग, आजीला मोकळं सोडता येणार नाही."

आई विचारात पडली. "मेथी स्वस्त झाली तर?"

"नाही!" आम्ही तिघं एकदम म्हणालो.